तीस दिवसांत कन्नड, जाहिरातींसह

१ जानेवारी २०२५, बुधवार

संकल्प: तीस दिवसांत कन्नड.

दिवाळीतल्या तापानंतर आई मराठी साफ विसरली. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, नंतर शिकलेलं आधी जातं. आईचं माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं, तेव्हा उरलं ते कन्नड. रात्री ताट पुढं ठेवलं की ती मला काहीतरी विचारते. रोज तेच. उत्तर मिळालं नाही की ताट बाजूला सरकवते. आमच्या जळकोटात निम्म्या ओळखीच्यांना कन्नड येतं, मला येत नाही. योगायोग.

इंटरनेटवर तीस धडे फुकट आहेत. रोज एक. ३० तारखेला आईला उत्तर देणार आणि पोटभर जेवू घालणार.

शुभांगीचं म्हणणं, दूध घालणाऱ्या लक्ष्मम्माला विचारा की, ती कन्नडच बोलते. बायकोला मुद्दा कळत नाही. परवा येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात आई आणि लक्ष्मम्मा तासभर हसत होत्या आणि मी आंबिलीचा तांब्या धरून बघत होतो. आईचं मन मुलालाच कळलं पाहिजे. मध्ये दूधवाली कशाला?

२ जानेवारी, सकाळी ७

धडा पहिला. आधी दोन जाहिराती. शिकवणाऱ्या बाई 'नमस्कार' म्हणाल्या आणि तिसरी आली, बनियनची. 'ऊट आयता' म्हणजे जेवण झालं का. लगेच चौथी. उरलेला धडा दुकानात बघायचं ठरवलं. दुकानात लग्नाच्या भांड्यांचं गिऱ्हाईक आलं. राहिला.

४ जानेवारी

नवी पद्धत. जाहिरात आली की आवाज बंद करायचा आणि डोळे मिटायचे, म्हणजे कंपनीला आपल्याकडून काही मिळत नाही. आज अमलात आणली. डोळे उघडले तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि सातवा धडा चालू होता. दोष जाहिरातीचा.

७ जानेवारी

विरेशचा पुण्याहून फोन. म्हणाला, बाबा, महिन्याचे पैसे भरले की जाहिराती बंद होतात, मी भरतो. मी म्हणालो, जिथं फुकट लिहिलंय तिथं मी फुकटच घेणार, दुकानदाराला व्यवहार शिकवू नकोस. त्यानं फोन ठेवला. पटलं असावं.

कंपनीला दोन पानी तक्रार लिहिली, खाली दुकानाचा शिक्का मारला. कंपनीचा पत्ता सापडत नाही. म्हणून तीच तक्रार व्हिडिओच्या खाली टाईप केली. गुलबर्ग्याच्या एका माणसानं अंगठा दाखवला. चळवळ सुरू झाली म्हणायची.

११ जानेवारी

धडा चौथा. कालही चौथाच होता. आई दोन घास खाते, तेही दुपारी. रात्री तोच प्रश्न, तेच ताट. मी 'ऊट आयता' म्हणून बघितलं. तिनं मान हलवली. जेवली नाही एवढं मलाही दिसत होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

डोकं चाललं! फोनची भाषाच कन्नड करून टाकली. आता जाहिरातीही कन्नडमधून येतात. म्हणजे धडा बघा नाहीतर जाहिरात बघा, शिक्षण चालूच. कंपनी मला फुकट शिकवतेय आणि तिला पत्ताच नाही.

किरकोळ अडचण: आता फोनवर काहीच वाचता येत नाही. जाहिरात पुढं ढकलायचं बटण कुठलं ते कळत नाही. भाषा परत बदलायचं बटणही कन्नडमध्येच आहे. हरकत नाही, पूर्ण बघू.

२० जानेवारी

गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात तोंडपाठ. विहिरीच्या मोटारीची निम्मी. धडा चौथाच, पण माणसानं पुस्तकी राहू नये.

आज आईजवळ बसून गुडघेदुखीची सगळी वाक्यं म्हटली. तिचे गुडघे दुखतातच, तेव्हा विषय लागू पडतो. बोलण्याच्या भरात शेवटचं 'ईगले करे माडि', म्हणजे आत्ताच फोन करा, तेही निघून गेलं. पण आई बोलली! चांगली चार वाक्यं बोलली आणि हात जोडले. मीही जोडले. ऐंशी दिवसांनी आमचं बोलणं झालं.

शुभांगी म्हणाली, आत्याबाई तुमच्याकडं परक्या माणसासारखं बघत होत्या. ती पडली ईटची, भूम तालुक्यातली. तिला कन्नड काय कळणार?

२५ जानेवारी

आज पंधरा मिनिटं बोललो. तेल, मोटार, सांबार मसाला. आईनं आज डोक्यावर पदर घेतला. माझ्यासमोर कधी घेत नव्हती. शिकलेल्या मुलाचा मान राखते.

रात्री ताट तसंच. हातातली बांगडी कोपरापर्यंत वर सरकते आता.

एक गोष्ट लिहून टाकतो. चौथीत असताना आई शाळेत डबा घेऊन आली आणि दारातून मला कन्नडमध्ये हाक मारली. पोरं हसली. घरी येऊन मी तिला सांगितलं, माझ्याशी असलं बोलायचं नाही. ती परत कधी बोलली नाही. त्या वयात कुणीही असंच म्हणालं असतं. तरी वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

उद्यापासून रोज दोन धडे.

३० जानेवारी, गुरुवार, रात्री ८

मुदत संपली. धडा चौथा.

संध्याकाळी आईला तेलाबद्दल सांगत होतो, तेवढ्यात लक्ष्मम्मा दूध घेऊन आली. ती ऐकत उभी राहिली आणि मग उंबऱ्यावरच बसली. आई तिच्याशी बरंच बोलली. शेवटी मी विचारलं, काय म्हणते? लक्ष्मम्मानं सांगितलं ते असं: "अण्णा, आवा म्हणत्यात, ह्यो बाबा लई भला हाय, पर रोज येऊन तेल इकत बसतोय. आमाला नगं. माजं पोरगं दुकानातनं येऊ द्या, त्येला इचारून सांगते."

रोजच्या प्रश्नाचं विचारलं. तो तिला दिवाळीपासून माहीत होता. आई म्हणे, माझं पोरगं आलं का, एवढंच विचारते. पोरगं आल्याबिगर जेवायचं न्हाय म्हणते. मग मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, तुमी इचारलं न्हाय की.

'मुलगा आला, आता जेव' हे कन्नडमध्ये कसं म्हणायचं ते तिच्याकडून पाचदा म्हणवून घेतलं. एकही जाहिरात आली नाही. पाच मिनिटांत पाठ झालं.

ताट वाढलं, आईसमोर बसलो आणि म्हणालो. उच्चार अगदी बरोबर, असं लक्ष्मम्मा म्हणाली.

आईचा चेहरा एकदम खुलला. ती पदर सारखा करून, माझ्या खांद्यावरून दाराकडं बघत बसली.