आडवं ठेवलेलं काडतूस

ब्रनो, ३ नोव्हेंबर

प्रिय वेन्देलीन,

तुझं पत्र आणि फोटो मंगळवारी मिळाले. उत्तराला इतके दिवस लागले ते गुडघ्यामुळे नाही. गुडघा आता बरा आहे. काल मृतांच्या दिवशी स्मशानात जाऊन तुझ्या वडिलांसाठी मेणबत्ती लावली. तुझी तिथे दिसली नाही. शेजारच्या थडग्यावर फुलं वाहणारी म्हातारी मला म्हणाली, "मुलगा का तुम्ही? बरं झालं, एकदाचे उगवलात." तिला नाही म्हणायचा मला धीर झाला नाही.

सैन्याने स्वीकारलेली काडतुसं लाखांनी बनली, ती कुणालाही मिळतात. आपल्यासारख्या खुळ्यांचा जीव अडकतो तो चाचणीपुरत्या चार-सहा करून बाद केलेल्या नगांत. तशाच एका नगासाठी माझ्या खणात एकतीस वर्षं जागा रिकामी होती. त्या रविवारी बिअरच्या दुकानामागच्या खोलीत तू रुमाल सोडलास आणि नेमकं तेच आपल्या काडतूस-संग्राहकांच्या मंडळाच्या टेबलावर उभं केलंस. "बाबांनी कारखान्यात स्वतः केलंय. सातच केली होती म्हणतात," असं तू सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालास. तुझे वडील, आलोइसकाका, इस्त्रीचा शर्ट घालून तुझ्या शेजारी बसले होते.

निकाल नेहमीप्रमाणे मीच द्यायचा होता. भिंगातून तळावरचा शिक्का दोनदा पाहिला. मग मी ते काडतूस उचललं आणि आडवं ठेवलं. आपल्यात आडवं म्हणजे खोटं, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. काका एवढंच म्हणाले, "अरे, मी केलंय ना ते." मागून कुणीतरी टोमणा मारला, "काका, तरुणपणी तुम्ही विमानही केलं असेल." तू लाल झालास आणि काडतूस खिशात घातलंस.

तुला तेव्हा काय वाटलं ते मला पुढच्या महिन्यात कळलं. तू त्यातली दारू काढून ते सोनाराच्या करवतीने उभं चिरून आणलंस. गोळीच्या टोकात शिशाऐवजी लाकडाची खुंटी निघाली. सगळी खोली हसली. "काकांनी गोळीला दात बसवला," असं कुणी म्हणालं, आणि मीही हसलो. तू मात्र हसला नाहीस. वडिलांनी आपल्याला चारचौघांत तोंडघशी पाडलं म्हणून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस, ते दोन वर्षांनी काका जाईपर्यंत.

आता तू लिहितोस की आपल्या मासिकाच्या बनावट काडतुसांवरच्या अंकात त्या दोन अर्ध्यांचा फोटो छाप, खाली वडिलांचं नाव घाल, म्हणजे दुसरं कुणी फसणार नाही. वेन्देलीन, तो फोटो मी छापणार नाही. सोबतचा कागद बघ. तो कारखान्याच्या चाचणीच्या खोलीतला, त्या काडतुसाचा मूळ आराखडा आहे. गोळीच्या टोकात बीचच्या लाकडाची खुंटी, एकूण नग सात, आणि खाली बनवणाऱ्याची सही. ती सही तू ओळखशील. त्या रविवारी हा कागद माझ्या घरी त्याच खणात, रिकाम्या जागेखाली होता. मला ते काडतूस हवं होतं. खोटं ठरलं की एखाद्या किरकोळ नगाच्या बदल्यात तू ते मला देऊन टाकशील, असा माझा हिशेब होता. तू ते चिरशील असं मला स्वप्नातही वाटलं नाही. चिरल्यावर बोलायला हवं होतं, तेव्हा मी लाजेखातर गप्प बसलो, आणि त्या लाजेची किंमत तुम्ही दोघांनी मोजली.

येत्या रविवारी मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. दोन्ही अर्धे घेऊन ये, टेबलावर मी ते उभे करीन. मला माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही. काका जायच्या आधी मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो, सगळं सांगायचं ठरवून. त्यांनी सूप वाढलं आणि विचारलं, "ते खरंच होतं ना रे? की मीच विसरलोय?" मी म्हणालो, तपासून सांगतो. काल स्मशानात जाऊन त्यांना सांगितलं.

तुझाच,
स्तिबोर