उशीखालचं पत्र

शुक्रवार, ५ एप्रिल
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं म्हणजे ते मुद्दाम दोनदा चढत असणार. इकडे सगळं ठीक. माझ्या बिस्किटांना दोन नवी दुकानं मिळाली. सकाळी सहाला ओव्हन लावते तो दुपारपर्यंत बंद होत नाही. उत्तराला तीन आठवडे लागले, वेळच नव्हता असं लिहिणार होते. पण वेळ होता गं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई घर सोडून चालल्या आहेत. रविवारी त्यांचा भाचा न्यायला येतोय. त्याच्या बायकोला त्या नकोच आहेत, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण विजेचं बिल पेन्शनमध्ये बसत नाही. एवढ्या उकाड्यात पंखा लावत नाहीत. संध्याकाळी दार उघडं टाकून जिन्यातल्या दिव्याच्या उजेडात बसतात. नजर अधू, म्हणून बिल वाचून घ्यायला माझ्याकडेच येतात. "मी काही लावतच नाही, तरी एवढं कसं गं येतं?" मी म्हणते, "दर वाढलेत, बाई."

दर वाढलेले नाहीत, ताई. ते बिल आमचं आहे.

दोन वर्षांपूर्वी जिना रंगवला तेव्हा मीटरचा बोर्ड काढला होता. इलेक्ट्रिशियनचे पैसे वाचवायला ह्यांनी स्वतःच वायरी जोडल्या, त्या उलट्या जोडल्या. आमची त्यांच्या मीटरला, त्यांची आमच्या. कुणाला कळलंच नाही. मग गेल्या ऑगस्टात बाई महिनाभर बहिणीकडे गेल्या. जाताना खालचा आपला मेन स्विच त्यांनी बंद केला आणि माझा ओव्हन गेला! आत चार ट्रे बिस्किटं. हे धावत खाली गेले, स्विच लावला, वर येऊन मला म्हणाले, "एक शब्द बोलायचा नाही." बिस्किटं वाचली. कुलूप असलेल्या घराला माझ्या ओव्हनचं बिल आलं, आणि बाई परत आल्यावर ते मीच त्यांना वाचून दाखवलं.

मी भांडले ह्यांच्याशी. तर म्हणाले, "दोन वर्षांचे पैसे कुठून आणायचे? पोरीची फी तू भरतेस का?" पण सगळा दोष ह्यांच्यावर टाकू नकोस हं. कमी बिलाची मलाही चटक लागली. दुसरा ओव्हन घेतला तो मी, सगळं माहीत असताना. लाज वाटते लिहिताना.

तोंडाने सांगवेना, म्हणून गेल्या महिन्यात बाईंना सगळं खरं पत्रात लिहिलं आणि पोस्टात टाकलं. आणि बघ माझी अक्कल! बाईंची पत्रं वाचतं कोण? दोन दिवसांनी पाकीट घेऊन त्या माझ्या स्वयंपाकघरात हजर. "वाच गं." मी पाकीट फोडलं. आणि तोंडातून निघालं ते काय, तर "आदरणीय बाई, मी तुमची जुनी विद्यार्थिनी..." पानभर थापा मारल्या, ताई. तुम्ही शिकवलेले पाढे अजून पाठ आहेत म्हटलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी. "नाव काय लिहिलंय?" "नाव नाही हो लिहिलं." "असू दे, आठवण ठेवली हेच पुष्कळ झालं." तेव्हापासून ते पत्र त्यांच्या उशीखाली आहे.

आता रविवारी भाच्याकडून ते पुन्हा वाचून घेणार आहेत, मला हौसेने सांगत होत्या. तेव्हापासून ह्यांचं एकच, "किल्ली आपल्याकडे असते ना? काढून आण." आज सकाळी बाई दवाखान्यात गेल्या आणि मी वर गेले. उशी उचलली. पत्र सारखं हाताळून मऊ पडलंय. घेतलं, जिन्यापर्यंत आले, आणि परत जाऊन होतं तिथे ठेवलं. चांगुलपणा वगैरे काही नाही गं. पत्र सापडलं नाही तर बाई माझ्याकडेच आल्या असत्या, आणि मी त्यांच्याबरोबर घरभर शोधत फिरले असते. मी फिरले असते, ताई, याची मला खात्री होती. त्याचीच भीती वाटली.

ह्यांना सांगितलं, आणलं आणि फाडलं. म्हणजे आता इथेही खोटं.

तुझ्याकडे ठेवलेली माझी सोन्याची साखळी विकून टाक. भाव बघत बसू नकोस. दोन वर्षांचे नाही तर निदान एका वर्षाचे तरी

दार वाजलं म्हणून उठले होते. बाईच आहेत. पत्र घेऊन आल्यात. वाचायला नको म्हणतात, सगळं पाठ झालंय. "मी म्हणून दाखवते. तू कागदावर बघ आणि चुकलं की सांग, रविवारी भाच्यासमोर फजिती नको." पत्र माझ्या हातात दिलंय. बाहेरच्या खोलीत बसल्यात, पाणी आणते म्हणून मी आत आलेय आणि हे खरडतेय. हाक मारतायत.

पहिल्याच शब्दाला थांबवायचंय त्यांना. जाते.

तुझी थापाडी
धाकटी