भिंतीवर छापलेला पंखा

प्रिय उमऱ्या,

तुझ्या सबिनाआपाला चक्कर रोज्यानं आली न्हाई, भावा. माझ्यामुळं आली. हे पयल्याच ओळीत लिवून टाकतोय, न्हाईतर चार पानं चेष्टा करत बसीन आन् मुद्द्यावर यायचो न्हाई. फोनवर सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडातनं फालतूपणाच निघतोय. तुझं बादशहाकाका मस्कतला यायला निघाल्यात, त्यांच्या बॅगेत हे देतोय.

आमचा फ्लेक्सचा कारखाना तुला ठावा हाय. मशीनला धूळ चालत न्हाई म्हणून मालकांनी, विजयसिंहदादांनी, खिडक्यांवर प्लायवूड ठोकलंय आन् एसी लावलाय. धूळ आत येत न्हाई ते खरं, पण शाईचा वासबी भाईर जात न्हाई. ओला फ्लेक्स मशीनमधनं निघाला की डोळं चुरचुरत्यात, घसा धरतोय, रातच्या भाकरीलाबी शाईचीच चव. मी प्रिंट लावून चहाला सटकतो. आपा कुठं सटकणार? तिचं काम बॅनरच्या कडंला दोरी ओवायच्या रिंगा मारायचं, मागच्या कोपऱ्यात, वाळत टाकलेल्या फ्लेक्सच्या मधोमध. आन् तिथं तिला कामाला चिकटवली मीच.

दिवाळीनंतर सरकारी तपासणीचा साहेब आलता. दादांना म्हणाला, आतली हवा भाईर काढायची सोय करा, ती मालकाची जबाबदारी हाय, माणसांच्या तोंडाला रुमाल बांधून भागत न्हाई. दादा म्हणाले, करतो की साहेब, त्यात काय एवढं! आन् दुसऱ्या दिवशी आम्हाला एकेक रुमाल वाटला.

मला लई हसू आलं. मग काय, कोपऱ्यावरच्या खानावळीत रस्सा ओरपता ओरपता तिथल्या एक्झॉस्ट पंख्याचा फोटो काढला, मापात छापला आन् प्लायवूडवर चिकटवला. पाती फिरल्यागत धूसर केली, जाळीवरची तेलकट काजळी तशीच ठिवली. सकाळी आपा आली, वर बघून म्हणाली, या अल्ला, बसवला व्हय एकदाचा! आन् जवळ जाऊन हात धरला, वारं लागतंय का बघाय. पोरं हसून लोळली. तीबी हसली. म्हणाली, मेल्या पिराजी, दोजखाच्या आगीत तुला असलाच पंखा मिळंल बघ.

दादा आले तवा वाटलं, आता कानफटात बसतीया. पण त्यांनी मागं काचेच्या दारापाशी जाऊन तिथनं बघितलं. म्हणाले, काढू नको रं. पुढच्या खेपेला साहेब आला तर दादांनी त्याला काचेच्या दारापाशीच थांबवलं. प्रिंट चालू हाय साहेब, दार उघडलं की धूळ जाती, हितनंच बघा की. साहेबानं काचेतनं बघितलं, मान हलवली. मी शेजारीच हुतो. एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. पण खरं सांगतो, त्या वक्ताला माझ्या छपाईनं माझीच छाती फुगली.

त्यानंतर खऱ्या पंख्याचं नाव कुणी काढलं न्हाई. रमजानात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं काम पडलं, चौकाचौकातलं बॅनर. मशीनला उसंत न्हाई, दार उघडायचं न्हाई. आपा म्हणाली, पिराजी, डोकं गरगरतंय रं. मी म्हटलं, पंखा वाढवू का? थोड्या वेळानं परत म्हणाली, मी परत तेच म्हटलं. मग ती रिंगांच्या डब्यावर आडवी झाली.

रिक्षात घालून मीच दवाखान्यात नेली. दादा मागनं आले आन् डॉक्टरला आधीच सांगून मोकळे, उपाशी हाय वो, रोजा हाय तिचा. तुझ्या अम्मीनं, चाचींनीबी तेच धरलं, उरलेलं रोजं सोडायला लावलं. दादा म्हणत्यात, असली नाजूक बाई परत कामावर घ्यायची न्हाई. अजून जिना चढताना तिला दम लागतोय. आन् मला काय मिळालं? ईदला चाचींनी मुद्दाम बोलवून शीरखुर्मा वाढला, माझी पोरगी वाचवलीस म्हणून. खाल्ला रं मी. वाटी चाटून खाल्ला.

आता हे का लिवलं ते सांगतो. परवा तू फोनवर आपाला म्हणालास, ल्हानपणापासनं रोजं धरतीस, आत्ताच कशी पडलीस, काय दुखणं लपवून ठिवलंयस? फोन स्पीकरवर हुता. मी समोरच हुतो. तिथनं उठलो, डॉक्टरला शाईचं सांगितलं, आन् तसाच साहेबाच्या हापिसात गेलो. पंखा कुणी छापला तेबी सांगितलं. साहेब म्हणाला, ह्या वेळी काचेतनं न्हाई, आत येऊन हात लावून बघणार. माझं काम जाईल, जाऊ दे. पण तवर तू कुणाला बोलू नको. दादांना कुणकुण लागली तर चित्र फाडून म्हणतील, पंखा दुरुस्तीला गेलाय, आन् आपा जल्मभर नाजूकच ऱ्हाईल. तिला आन् चाचींना मी माझ्या तोंडानं सांगणार हाय, कानफटात खायची तयारी ठिवून. तू मला परत आल्यावर काय मारायचं ते मार. पण तवर पाया पडतो भावा, कुणाला म्हंजे कुणालाच सांगू नको.

तुझाच, जर अजून म्हणू देत असशील तर,
पिऱ्या