कुंकू लावलेली केरसुणी

लातूर, गुरुवार, दिवेलागणीची वेळ

डोकं अजून तापलेलंच आहे. खालचं वायरचं दुकान जळून आठ दिवस झाले. धूर आमच्या जिन्यातून वर चढला, भिंती काळ्याठिक्कर पडल्या. घरमालक अप्पांनी काय केलं, तर शांती केली, वरच्या काजळीवरूनच चुना मारून घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, "आता काई दोष राहिला न्हाई, या राहायला."

दोष म्हणे. जळालेल्या इमारती साफ करणारा माणूस येऊन बघून गेला होता. त्यानं स्वच्छ सांगितलं की वायरच्या प्लास्टिकची काजळी विषारी असते, ती कोरडी झाडायची नाही, आणि नाकाला नुसता पदर बांधून भागत नाही. अप्पांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि जिना झाडायला आमच्याकडे कामाला येणाऱ्या कमलमावशींना बोलावलं.

आज मावशी पायरीवर बसून खोकत होत्या. थुंकी काळी. मला म्हणाल्या, "पदर बांधला होता की ताई मी."

आणि त्यांना केरसुणी कुणी दिली? मीच. नवी होती म्हणून हळद-कुंकू लावून दिली. तो माणूस बोलत होता तेव्हा मी तिथंच उभी होते. सगळं ऐकलं होतं. मग तोंड का उघडलं नाही?

आत्ताच अप्पा दारात येऊन विचारून गेले, "मावशीला उद्या गच्चीकडचा जिना सांगू का?"

केरसुणी दाराआड उभी आहे. कुंकू काजळीत बुडालंय. उद्या पुन्हा लावीन, आणि अप्पांच्याच हातात देईन.