पितळेसाठी ठेवलेला बिट

हिंगणघाट,
९ ऑक्टोबर १९८३

प्रिय हरिदास,

नालवाडीला येऊन तुझ्यासमोर बसून हे बोलायला हवं होतं. तीनदा बसस्टँडवरून परत फिरलो, म्हणून कागद घेतला. अक्षराला हसशील. प्रभाकररावांच्या वर्कशॉपात असताना तू म्हणायचास, चंद्रभानचं अक्षर आणि चंद्रभानची धार, दोन्ही डावीकडे कलतात. विमलावहिनींचं कार्ड आलं. तंत्रशाळेनं तुला शिकवायला बोलावलंय, शनिवारपर्यंत उत्तर मागितलंय, आणि तू नाही म्हणतोस. वहिनींनी तुझं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय: ‘ज्याले आपला बिट वळखू आला नाई, त्यानं पोरायले काय शिकवावं?’

मी कामाला लागलो तेव्हा मला भोकं पाडायचे सगळे बिट सारखेच दिसायचे. तूच डोळे दिलेस. लाकडाला मध्ये टोक असलेला, म्हणजे जागेवरून सरकत नाही. भिंतीला टोकावर कडक धातूची टिकली बसवलेला, तो लोखंडावर चालवला की तुझी चापट ठरलेली. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कोरडंच पाडायचं, पोलादाला तेल पाजत, हळू. आणि पितळ आलं की तुझा आवाज खाली यायचा. ‘लोखंड भांडते बाप्पा, पण समोर येऊन भांडते. पितळ आंदर वढून घेते.’ म्हणून पितळेच्या बिटाची कड तू मुद्दाम थोडी बोथट करायचास, म्हणजे ती पितळेत घुसत नाही, खरवडत जाते. ते बिट वेगळ्या डब्यात असत आणि त्या डब्याला तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. लोक म्हणायचे, हरिदासचं सोवळं आहे.

आता त्या दसऱ्याचं सांगतो. सकाळी आपण मशीन धुतली, सगळे बिट पाटावर मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दुसऱ्या दिवशीपर्यंत हत्यार उचलायचं नाही, हा रिवाज. तू जेवायला घरी गेलास आणि बंडूजी आले. जिनिंग कारखान्याचं लोखंडी ब्रॅकेट, दोन भोकं, कापूस यायला लागला होता, त्यांना थांबता येत नव्हतं. बंडूजी म्हणजे शकूचे काका आणि शकूशी माझ्या लग्नाची बोलणी तेव्हा चालू होती. नाही कसं म्हणणार? लोखंडाचा अर्धा इंची आदल्या दिवशीच मोडला होता. मी पाटावरचा तुझा पितळेसाठीचा उचलला, साणेच्या चाकावर लोखंडासाठी धारदार केला आणि भोकं पाडून दिली. मग घाबरलो. पूजेचं हत्यार चालवलं, त्यातून तुझं. बिट पुसून पाटावर ठेवला आणि पुन्हा कुंकू लावलं. कड दिसू नये म्हणून जरा दाटच लावलं. उद्या तुझ्याआधी येऊन ती बोथट करू, असं ठरवलं होतं. उद्या मला उशीर झाला.

मी दारात आलो तेव्हा तू पितळेची पट्टी हातात धरून मशीनवर होतास. बिटावर कालचं कुंकू तसंच, म्हणजे कुणी हात लावलेला नाही, असंच तुला वाटलं असणार. मी ओरडायला हवं होतं. ओरडलो असतो तर सांगावं लागलं असतं, तेवढा एक क्षण मी विचार केला. तेवढ्यात बिटानं पितळ पकडलं. पट्टी बिटासोबत गरगर फिरली, तीनदा मशीनच्या खांबावर आपटली आणि तुझी दोन बोटं गेली. तुला दवाखान्यात नेताना त्या गडबडीत मी बिट काढून खिशात घातला. पलंगावर पडल्यापडल्या तूच माझी समजूत काढत होतास, ‘माहीच चुकी हाय, भाऊ. धार पाह्यली नाई म्या.’ आणि मी मान डोलावली.

नऊ वर्षं झाली. पितळेला भोक पाडताना तो आवाज अजून येतो. तीन आपटण्या मोजतो आणि चौथीसाठी थांबून राहतो. माझ्या वर्कशॉपातले कामगार बघत राहतात. दसऱ्याला आमच्याकडे मशीनला कुंकू लागतं, बिटांना नाही. शकू विचारते, काऊन? मी सांगतो, गंज चढतो. ती आरशासमोर कपाळाला कुंकू लावते तेव्हा मी उठून अंगणात जातो. तिला वाटतं मी तऱ्हेवाईक आहे. मी भित्रा आहे, एवढंच.

सोबतच्या पिवळ्या फडक्यात तोच बिट आहे. त्याच्या पिळाच्या पन्हाळीत कुंकू अजून आहे, पुसायचा धीर मला झाला नाही. तू पूस आणि उजेडात धर. डावी कड उजवीपेक्षा लांब दिसेल. ती धार कुणाची, हे तुला सांगावं लागणार नाही. तुझे डोळे चुकले नव्हते, हरिदास, मी त्यांच्यापुढे कुंकू फासलं होतं. शनिवारी होकार कळव. आणि पहिल्या दिवशी हाच बिट पोरांपुढे ठेवून, त्याला ही धार कुणी लावली होती ते माझं नाव घेऊन सांग.

तुझाच (हा शब्द ठेवायचा की खोडायचा, ते तू ठरव),
चंद्रभान