दोन्या सातुर्निना यांच्या नावाने

मी, एर्मोहेनेस आरान्सिबिया, मुद्रक, वय एकोणऐंशी, राहणार सुक्रे, गुडघे सोडता बाकी सर्व शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. आधीची दोन मृत्युपत्रे रागाच्या भरात लिहिली होती, ती रद्द समजावीत.

एक. राहते घर पुतण्या फाउस्तो यास. छप्पर गळते, हे त्याला ठाऊक आहे.

दोन. छापखाना, दोन्ही यंत्रे आणि छपाईच्या खिळ्यांची कपाटे माझ्या जुळारी दोन्या सातुर्निना कोल्के यांस. बावन्न वर्षे त्यांनी या गावाच्या लग्नपत्रिका आणि मयताची पत्रे खिळा खिळा लावून जुळवली. कोणाला नुसते 'सेन्योर' पुरते, कोणाला वर 'दॉन'ही लागते, कोणत्या बाईला मानाचे 'दोन्या' आखूड करून छापलेले चालत नाही, सारे त्यांना तोंडपाठ. मान राहिला म्हणून त्यांच्या हातचे एकही पाकीट परत आले नाही. असा जुळारी मी दुसरा पाहिला नाही.

मी एकदा त्यांना लग्नाचे विचारले होते. हसून म्हणाल्या, "नको हो मास्तर! तुम्ही आधी गेलात की पाकिटावर मी जन्मभर अमक्याची विधवा. माझं नाव आहे तेवढं पुरे." तेव्हा राग आला होता. आता कौतुक वाटते.

तीन. फाउस्तोच्या लग्नाच्या पाकिटांसाठी निमंत्रितांची यादी मी लिहिली. न्हाव्यालाही 'दॉन' लावले आणि सातुर्निनांचे नाव सवयीने उघडेच लिहिले. त्यांनी ते तसेच जुळवले. माझ्या लक्षात आले तेव्हा पाकिटे वाटून झाली होती.

"अहो, 'दोन्या' लावायचं ना!"

"मजकूर तुमचा. जुळाऱ्याने मजकुरात हात घालायचा नाही, तुम्हीच शिकवलंत."

मला फार लाज वाटली, आजही वाटते. पुढे कधी 'दोन्या' म्हणालो, तर म्हणत, "पुरे! आता या वयात कसली थट्टा?"

चार. फाउस्तोने "सातुर्निना, कॉफी आण गं" हे आजपासून बंद करावे. नाहीतर घर भाचीला जाईल. वकिलांना सांगून ठेवले आहे.

पाच. माझ्या मयताचे पत्र त्यांनीच जुळवावे. मजकूर असा: 'दोन्या सातुर्निना कोल्के, छापखान्याच्या मालकीण, आपले सहकारी एर्मोहेनेस यांच्या अंत्ययात्रेस आपणांस बोलावीत आहेत.' 'दोन्या' पूर्ण अक्षरांत, कपाटातल्या सर्वांत मोठ्या खिळ्यांत. माझ्या नावाआधी काही नको.

त्या कुरकुरतील, डोळे पुसतील. पण मजकुरात हात घालणार नाहीत.

सही: एर्मोहेनेस आरान्सिबिया
साक्षीदार: सेन्योर दॉन लादिस्लाओ उर्कीसो, औषधविक्रेते
सेन्योरिता बेत्साबे दासा, शिक्षिका
सुक्रे, ४ ऑगस्ट १९६८