ते दोन लोखंडी दांडे

रॉलिन्स, वायोमिंग
९ एप्रिल १९८९

प्रिय आर्डनदादा,
स. न. वि. वि. इल्झेवहिनींना माझी घट्ट मिठी.

मला नोकरी लागली! तळ्याकाठी लोक तंबू ठोकतात, त्या जागेची उन्हाळाभर देखरेख करायची. राहायला आपला ट्रेलर आपणच न्यायचा, एक जूनला हजर. लॉइडला जाऊन दीड वर्ष झालं, नवऱ्याविना घर खायला उठतं. मला आता कुठेतरी उपयोगी पडायचंय.

काल ट्रेलर पिकअपला जोडला, तर अंड्यावर कोंबडी बसावी तशी पिकअप मागून बसली. नाक वर, आणि स्टिअरिंग इतकं हलकं की पुढची चाकं रस्त्याला टेकलीत की नाही कळेना. तीन मैलांवरून परत फिरले. लॉइड जोडाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे लावायचा, ते सापडलेत. पण लावायचे कसे? तू जन्मभर ट्रेलर ओढलास, तूच सांग.

तुझी,
मेव्हिस

ओगलाला, नेब्रास्का
१७ एप्रिल

चि. मेव्हिस हिस अनेक आशीर्वाद.

विकून टाक तो ट्रेलर. बासष्टाव्या वर्षी हे खूळ कुठून आलं? आमचा ट्रेलर उलटला, तुझ्या वहिनीचं गळ्याजवळचं हाड मोडलं, त्याला दोनच वर्षं झालीत. दांड्यांचं मला विचारू नकोस. तळ्याकाठी एखादी खोली भाड्यानं घे. इथे सगळं ठीक.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
आर्डन

रॉलिन्स
२ मे

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

तू नाही शिकवलंस, शेजारच्या अर्चुलेटाबाईंनी शिकवलं. मी दांडा वर उचलायला जोर लावत होते, तर हसून म्हणाल्या, अगं बाई, तुझ्या कमरेनं नाही, जॅकनं उचल! जोड लागल्यावर जॅकनं ट्रेलरचं तोंड पिकअपच्या मागच्या टोकासकट वर घ्यायचं, मग दांड्यांच्या साखळ्या सहज अडकतात. जॅक खाली घेतला की दांडे ताणतात आणि मागचा भार थोडा पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. पिकअपच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्याची जमिनीपासून उंची मोजली: ट्रेलर नसताना छत्तीस इंच, ट्रेलर जोडून दांड्यांशिवाय अडतीस, दांडे लावून सव्वाछत्तीस. स्टिअरिंग पुन्हा माणसासारखं वागायला लागलंय.

एक विचारते. त्या दिवशी तू दांडे लावले होतेस का?

लोभ आहे, म्हणूनच विचारलं.
मेव्हिस

ओगलाला
९ मे

चि. मेव्हिस,

नव्हते लावले. चाळीस मैल तर जायचं, म्हटलं कशाला. इल्झेला वाऱ्याचं कारण सांगितलं. आजवर कुणाला बोललो नाही.

आता नीट ऐक. जड सामान मागे कोंबू नकोस. तोंडाशी भार कमी पडला तर दांडे असूनही ट्रेलर शेपूट हलवतो. हलायला लागला तर पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. ॲक्सिलरेटर सोड आणि स्टिअरिंगखालचा खटका दाबून ट्रेलरचा ब्रेक तेवढा हातानं लाव. पोचल्याबरोबर पत्र टाक.

काळजीत,
आर्डन

तळ्याकाठून
२ जून

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

पोचले! वाटेत एक मोठा ट्रक खेटून गेला, वर आडवा वारा. ट्रेलरनं दोनदा शेपूट हलवलं. तू सांगितलंस तस्संच केलं. तो सरळ झाला, आणि मी एकटी गाडीत मोठ्यानं ओरडले. काल एका नवख्या जोडप्याला दांडे लावून दिले. ते मला मास्तरीण म्हणतात.

वहिनींना खरं सांग. मग दोघं या. माझ्याशेजारची जागा ऑगस्टपर्यंत रिकामी आहे.

वाट पाहणारी,
मेव्हिस

ओगलाला
१२ जून

चि. मेव्हिस,

सांगितलं. इल्झे म्हणाली, मला ठाऊक होतं. इस्पितळातून आली त्याच दिवशी तिनं ते दांडे गॅरेजच्या भिंतीला टेकलेले पाहिले होते. दोन वर्षं माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होती. तिनंच कॉफी करून पुढ्यात ठेवली.

तिच्या भाचीचा ट्रेलर मागून आणलाय. साखळ्या मी लावल्या, उंची तीनदा मोजली. शनिवारी निघतोय. परवा एक चक्कर मारून बघायला मी पिकअपचं दार उघडून बसणार, तेवढ्यात इल्झेनं हात पुढे केला आणि किल्ली मागितली.

दिली. दोन दिवस सराव चाललाय. माझ्यापेक्षा बरी चालवते, हे मात्र तिला सांगू नकोस.

येतोच,
आर्डन